ताज्या सिनेमाची मावशी

आमच्या पनवेलच्या घरमालकीणबाईंनी तिकीट काढून सिनेमा पाहिल्याचं मला आठवत नाही. कंजूषपणा म्हणाल तर तो त्यांच्या अंगात औषधालाही नव्हता. घरात पापलेट आलं की तुकड्या वरच्या मजल्यापर्यंत पोचायच्या. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. सिनेमा थेटरात लागला, गावाने पाहिला, की तो शिळा झाला. चार बायकांनी कल्ला उचलून बघितलेला मासा आणि शुक्रवारी लागलेला सिनेमा, दोन्ही त्यांच्या लेखी सारखेच. "हात लागलेला माल मी घेत नाय," असं म्हणायच्या आणि पुढचा विषय काढायच्या.

म्हणून त्या प्रिव्ह्यूला जात. सिनेमा लागायच्या आधी कंपनीवाले फुकट पास वाटतात, लोकांना तो दाखवतात आणि कसा वाटला ते विचारतात, ही गोष्ट मला, चांगल्या पदवीधर बाईला, त्यांच्याकडून कळली. मोबाइलवर त्यांचे असे कितीतरी ग्रुप होते. पासाचा मेसेज आला की बाजारातल्या दोन जुन्या मैत्रिणींना घेऊन त्या वाशीपर्यंतही जायच्या. आवडला नाही तर मध्येच उठून यायच्या, आणि तसं तिथल्या माणसाला तोंडावर सांगून यायच्या.

त्या मूळच्या मोऱ्याच्या, उरणच्या बंदरावरच्या कोळीण. लग्न होऊन इकडे आल्या आणि पनवेलच्या बाजारात जन्मभर मच्छी विकली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बाजार सोडला, घर वाढवून तीन मजली केलं आणि तळमजल्याच्या ओट्यावर बसू लागल्या. मुलगा बंदरात नोकरीला, उरणलाच राहायचा. गल्लीतली शेंबडी पोरं आणि टक्कल पडलेले बापे, सगळेच त्यांना मावशी म्हणत. आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो आणि आठवड्याभरात मीही मावशीच म्हणायला लागले.

आता माझं सांगायचं तर माझा स्वभाव काळजीचा. गॅस बंद केलाय हे मला माहीत असतं, तरी मी जिन्यावरून परत वर येते. नवरा तळोज्याच्या कारखान्यात, त्याच्या पाळ्या. मी खारघरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात. घरी लेक. आणि सगळी काळजी तिच्यापाशी येऊन थांबायची, कारण आमची लेक घराबाहेर बोलायची नाही.

घरात टकळी चालू. बाहुल्यांना रागवायची, बापाला नावं ठेवायची, पंख्याशीसुद्धा भांडायची. एकदा का उंबरा ओलांडला की तोंड शिवल्यासारखं बंद. शाळेत दोन वर्षं झाली, बाईंनी तिचा आवाज ऐकला नव्हता. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय, समजतंय, वेळ द्या. सासूबाई फोनवर म्हणायच्या, तुम्ही दोघं घरात नसता म्हणून. शाळेतल्या बाई गोड बोलून सांगायच्या की पहिलीत तोंडी परीक्षा असते, बघा काय ते. हे सगळं मी कसंतरी गिळत होते. मला रात्रंदिवस भीती होती ती एकाच गोष्टीची. पोर कुठे हरवली तर नाव सांगणार नाही, पत्ता सांगणार नाही, मदतीला हाकसुद्धा मारणार नाही. बाजारात मी तिचा हात असा धरायचे की मनगटावर बोटं उठायची.

मावशींची एक खोड होती. नवा माणूस भेटला की आधी त्याच्या डोळ्यांत बघायचं. मासा ताजा की शिळा ते डोळ्यावरून कळतं, तीच सवय. माझ्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, तुमची झोप झालेली नाय, आणि ते खरंच होतं. मग माझ्या लेकीची हनुवटी उचलून बराच वेळ बघत बसल्या. ती गप्प. मी घाईघाईने सांगायला लागले की ती बाहेर बोलत नाही, जरा लाजरी आहे. मावशींनी मला हाताने थांबवलं.

"डोला ताजा हाय," त्या म्हणाल्या. "बोलंल."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. डॉक्टरांनी जिथे हात टेकले तिथे या बाई माशासारखं बघून निकाल देतात म्हणजे काय! पण त्या दिवसापासून लेक शाळेतून आली की ओट्यावर त्यांच्याशेजारी बसायला लागली. तिच्यापाशी मावशी स्वतःला आजी म्हणवायच्या, आणि दोघींचं बोलणं त्याच बोलायच्या. प्रश्न त्या विचारायच्या, लेकीच्या वतीने उत्तरही त्याच द्यायच्या, वर त्या उत्तरावर भांडायच्या. "नाय म्हंतस? का नाय? बरं, नको खाऊस." वरून ऐकलं तर वाटावं खाली दोघींची जोरात जुंपलीय. लेकीच्या तोंडून मात्र एक अक्षर नाही.

एकदा कुठल्याशा कंपनीच्या लहान मुलांच्या कार्टून सिनेमाचे पास आले. सहकुटुंब बघायचा सिनेमा, म्हणून अट अशी की प्रत्येक पासावर निदान एक मूल हवं. मावशींची नातवंडं उरणला, त्यांना शिकवण्या. मग मावशी दोन्ही हातांनी कठड्याला धरत, एकेक पायरी चढत वर आल्या. गुडघ्यांपायी त्या कधी वर यायच्या नाहीत, तेव्हा मला वाटलं काहीतरी अघटित घडलं. "तुजी पोर दे," म्हणाल्या. पोर एकटी द्यायची तर माझ्याने ते होणं शक्यच नव्हतं. मग मीही निघाले.

तो खारघरचा खेळ. सिनेमा अजून अर्धा कच्चा होता. पाण्याला भिणाऱ्या एका पाणघोड्याची गोष्ट. मध्ये मध्ये रंग भरायचे राहिलेले, नुसत्या पेन्सिलीच्या रेघा पळायच्या, आणि कुठे आवाज यायचा पण तोंड हलायचं नाही. मावशी भलत्याच खूश होत्या. "बग, जाल्यातनं आत्ताच काडलाय," असं माझ्या कानात म्हणाल्या. लेक डोळे फाडून बघत होती. मी मात्र अंधारात दारं कुठे कुठे आहेत तेच मोजत बसले होते.

खेळ संपला आणि एक चुणचुणीत मुलगा माइक घेऊन रांगारांगांतून फिरायला लागला. प्रत्येक मुलाला विचारायचा, पिक्चर कैसा लगा, काय आवडलं, काय नाही. आमच्याकडे आला आणि माइक माझ्या लेकीच्या तोंडाशी धरला. ती खुर्चीत आत आत सरकायला लागली. तो म्हणे, अगं बोल ना, शाय आहेस का, एवढं तरी सांग, नाव काय तुझं? अख्खं थेटर वळून बघतंय. तेवढ्यात मावशींनी तो माइक त्याच्या हातातून काढून घेतला आणि उभं राहून सांगितलं की पाणघोडा पाण्याला भितो हे ठीक, पण का भितो ते दाखवलेलंच नाय, तेवढं आधी दाखवा, मग परत बघायला बोलवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी बसल्या, माइक परत दिला आणि लेकीला म्हणाल्या, "तुज्याच मनातलं बोलली ना मी?" लेकीने मान हलवली. परक्या लोकांत तिने मान हलवली हेसुद्धा मला त्या दिवशी खूप वाटलं.

पुढे महिन्याभराने त्याच सिनेमाचा दुसरा फुकट खेळ पनवेलातच एका मॉलमध्ये ठेवला. दुरुस्त्या करून पुन्हा दाखवणार होते. आपलं ऐकलं की नाही ते बघायला मावशींना जायचंच होतं.

इथे त्यांची रांगेची तऱ्हा सांगायला हवी, कारण घोळ झाला तो तिच्यामुळे. फुकट पास जागांपेक्षा जास्त वाटलेले असतात. पास असला म्हणजे खुर्ची मिळेलच असं नाही, आधी येईल त्याची खुर्ची. मावशी तर पहाटे होड्या यायच्या आधी धक्क्यावर हजर राहण्यात वाढलेल्या. मोरा बंदरावर कोळणी रांगेत स्वतः ताटकळत बसत नाहीत. पाटी ठेवायची, म्हणजे आपली मासळीची टोपली, आणि खुशाल चहाला जायचं. जिची पाटी जिथे, तिचा नंबर तिथे. त्या पाटीला कोणी हात लावत नाही, लावला तर धक्क्यावर राहणं मुश्किल. मावशींनी हाच कायदा थेटरात आणला होता. दाराशी पहिल्या नंबरावर आपली भलीमोठी कापडी पिशवी ठेवायच्या आणि गुडघे सांभाळत बाकावर जाऊन बसायच्या. वाशीला, खारघरला हे चालून गेलं. लोक हसायचे आणि पिशवीमागे उभे राहायचे.

त्या रविवारी मॉल उघडल्या उघडल्या आम्ही तिघी वर पोचलो. नवऱ्याची सकाळची पाळी. मी लेकीच्या मनगटावर माझा फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधली होती. ती मावशींनी रिक्षातच सोडली. "पोर हाय का पार्सल?" म्हणाल्या आणि पट्टी त्यांच्या पिशवीत गेली. परत बांधते म्हणाले तर लेकीनेच हात मागे घेतला. दाराशी पिशवी ठेवताना मावशींनी तिला खाली वाकून नीट समजावलं, की आता हा आपला नंबर, आपण कुठेही गेलो तरी जागा इथेच, पिशवी हाय तिथं आपन. मग त्या तिला घेऊन वळणापलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. वरच्या मजल्यावरचं बायकांचं स्वच्छतागृह बंद होतं, म्हणून मी एक मजला खाली गेले. जाताना दोनदा मागे वळून बघितलं, हेही सांगते.

खाली मी हात धूत होते तेव्हा शिट्ट्या ऐकू आल्या. बाहेर आले तर वरून लोकांचा लोंढा उतरत होता, मुलं कडेवर, बायका एकमेकींना हाका मारतायत. सरकते जिने बंद पडलेले. वर बेवारशी पिशवी सापडली, कसलातरी उग्र वास येतोय, सगळे खाली चला, असं जो तो ओरडत होता. तरी पिशवी म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी फक्त दोघींना शोधत होते.

त्या गर्दीत मावशी दिसल्या. पदर सुटलेला, एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हाताने लोकांना पुढे ढकलत होत्या. "चला, चला, बेवारशी पिशवी हाय." आपली पिशवी बेवारशी असू शकते हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. ती तर रांगेत होती, नंबरावर होती. त्या बिचाऱ्या दुसऱ्याच कुणाच्या पिशवीला भिऊन पळत होत्या. आणि त्यांच्या हाताला माझी लेक नव्हती.

मी त्यांना दंडाला धरून हलवलं. गर्दी अंगावर आली तेव्हा हात सुटला, पण पोर तुझ्याकडे धावली असं मना वाटलं, असं काहीतरी म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता. मी पुढचं ऐकलं नाही. माणसांना ढकलत, बंद जिन्यावरून उलटी वर धावले. जन्मभर ज्या गोष्टीला घाबरत आले ती आता झालीय, एवढंच डोक्यात घुमत होतं. ती हाक मारणार नाही. कोणी नाव विचारलं तर सांगणार नाही. कोणी हात धरून घेऊन गेलं तरी तोंडातून आवाज निघणार नाही.

वर पोचले तर पिवळा दोर लावलेला. पलीकडे सगळा मजला रिकामा, पॉपकॉर्न सांडलेलं, कोणाची तरी एक चप्पल. थेटरच्या बंद दाराशी मावशींची कापडी पिशवी. आणि पिशवीला खेटून, हात खाली सोडून, रांगेत उभं राहावं तशी सरळ उभी माझी लेक. सगळं जग त्या पिशवीपासून पळालं होतं आणि ही पोर नंबर राखायला पळत तिच्याकडे आली होती.

मी दोराखालून घुसायला गेले तर रखवालदाराने धरलं. मला सांगायचं होतं की ती माझी आहे, पण धावून धावून घशातून आवाजच फुटेना. मुलगी तर बोलत नव्हतीच, आता आईचीही वाचा बसली. आतमध्ये एक सिक्युरिटीची बाई, पोरीचं वय बघून की काय, जरा पुढे जाऊन उकिडवी बसली होती आणि हात पसरून तिला बोलवत होती. बाळा, इकडे ये. नाव काय तुझं? आई कुठेय? लेक हलेना. त्या बाईने मागे वळून कोणालातरी सांगितलं की मुलीला बोलता येत नाही वाटतं.

मग तिने शेवटचं विचारावं तसं विचारलं, "पिशवी कोणाची आहे, ठाऊक आहे तुला?"

लेकीने पिशवीकडे पाहिलं. मग त्या बाईकडे पाहिलं. आणि स्पष्ट, खणखणीत, घरात पंख्याशी भांडते त्या आवाजात म्हणाली, "आजीची हाय. आमचा नंबर पयला हाय."

आमच्या घरात कोणी 'हाय' म्हणत नाही. ते शब्द मावशींचे होते. इतके दिवस ओट्यावर बसून पोरीने तोंड मिटून ते सगळं आत साठवलं होतं, आणि आज बाहेर काढलं ते परक्या माणसासमोर. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडायला लागले. आनंद होता, सुटल्यासारखं वाटत होतं, आणि आत कुठेतरी हेवाही होता, की हिचं घराबाहेरचं पहिलं बोलणं माझ्यासाठी नव्हतं.

मावशी तोवर गुडघे ओढत वर पोचल्या होत्या. धाप लागलेली, घामाने भिजलेल्या. त्यांनी ऐकलं. मला वाटलं त्या आता हंबरडा फोडतील, पोरीला पोटाशी धरतील. त्यांनी डोळे पुसले ते पदराच्या टोकाने, एकदाच, आणि रखवालदाराकडे वळल्या. "आयकलास ना पोर काय बोलली? नंबर हाय आमचा. काड तो दोर."

दोर निघायला मग बराच वेळ गेला. मॅनेजर आला, मावशींना वाटेल ते बोलला. मावशींनी ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. कोणाचं बोलणं त्यांनी उलट उत्तर न देता ऐकलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. पिशवी उघडली तेव्हा त्यातून थेटरच्या गारव्यासाठी घेतलेली शाल निघाली, पाण्याची बाटली, माझी ती नंबराची पट्टी, आणि एका डब्यात तांदळाच्या भाकऱ्यांत गुंडाळलेली सुकटीची चटणी. उग्र वास त्या सुक्या मासळीच्या चटणीचा. सिक्युरिटीच्या बाईने डबा बंद करून परत दिला आणि हसू आवरत म्हणाली, मावशी, हे आत खाऊ नका. लेक तेवढ्यात तिला समजावत होती की चटणी आजी करते, मला दिली तर मी खाते, आई खात नाही.

मी मावशींना काहीतरी बोलणार होते, ताडताड बोलणार होते. तुमच्या त्या बंदराच्या कायद्यापायी माझी पोर गेली असती म्हणून. तोंड उघडलं तर त्याच आधी म्हणाल्या, अगदी हळू, "हात सुटला गं माजा. हात सुटला." हे त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. माझा राग जिथल्या तिथे राहिला. मीच त्यांना धरून आत नेलं.

सिनेमा उशिरा सुरू झाला. अर्धे लोक घरी गेले होते, तेव्हा जागा हव्या तितक्या होत्या, तरी आम्ही पहिल्या नंबराने आत गेलो. लेक आमच्या दोघींच्या मध्ये. पाणघोड्याला आता सगळीकडे रंग चढला होता, आणि तो पाण्याला का भितो तेही दाखवलं होतं. मावशी पडद्याकडे बघत होत्या की नाही कोण जाणे, त्यांनी लेकीचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. आणि लेक बोलत होती. हा आता पडणार, तो हत्ती वाईट्ट हाय, हे मागच्या वेळी नव्हतं, त्याची आई कुठे गेली, आजी बघ बघ, आई तू बघत नाहीस. मोठ्याने, न थांबता, जणू थेटर म्हणजे आमच्या घरातली खोली. पुढच्या रांगेतल्या एक-दोघांनी वळून पाहिलं.

मग मागच्या बाईंनी माझ्या खांद्यावर बोटाने टकटक केलं. "अहो, मुलीला जरा गप्प बसवा ना," म्हणाल्या.

असं मला कोणी सांगेल याची मी किती वर्षं वाट पाहत होते, हे त्या बाईंना कुठून कळणार? मी वळून त्यांना हात जोडले, माफी मागितली. मुलीला मात्र काही बोलले नाही.